तंबाखू खाणारा काँप्युटर

यंत्राचा डाव बघायला पारावर एवढी गर्दी लोटली की पारावरच्या मारुतीला काही दिसेना. बहात्तर सालचा दुष्काळ. गावात दुसरं बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी नुकताच मॅट्रिक नापास झालो होतो, त्यामुळे पुढची जागा धरायला मला सकाळपासून सवड होती.

पारावर कणगीएवढी हिरवी पेटी. वर लाल दिवा, समोर बारीक जाळी, जाळीखाली भोक आणि भोकातून बाहेर आलेला हात. हाताला पत्र्याची बाही, पांढरा हातमोजा. आत माणूस असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण पेटीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

"हा काँप्युटर!" पेटी घेऊन आलेले यंत्रानंद महाराज गरजले. "चंद्रावर माणूस पोचवला तो यानंच. तिथलं काम आटपलं, म्हणून तिसगावच्या बाजूला आलाय. याला पोट नाही, झोप नाही, नातेवाईक नाहीत. म्हणून हा कधी चुकत नाही, वाघ-शेळीत हरतही नाही!"

नातेवाईक नाहीत हे ऐकून दोन-तीन बायांनी पदर डोळ्यांना लावला.

प्रश्न विहिरीचा होता. दुष्काळी कामातून गावाला एकच विहीर मंजूर झाली होती. सरपंच आप्पासाहेब म्हणाले, माणसं भांडतात, यंत्राला विचारू. महाराजांनी एकेक जागा पुकारली आणि "आप्पासाहेबांची मोसंबीची बाग" म्हणताच लाल दिवा लागला. आप्पासाहेबांना फार आश्चर्य वाटलं. त्या आश्चर्यासाठी त्यांनी हार-नारळ आदल्या दिवशीच आणून ठेवले होते.

एकटी दगडाबाई आडवी आली. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची, शेळ्या राखणारी, दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणणारी. वाघ-शेळीच्या खेळात मात्र अख्ख्या तालुक्यात तिला जोड नव्हती.

"का वो म्हाराज, बागंतच का? का, ते सांगू द्या की पेटीला."

"यंत्राला 'का' विचारायचं नसतं, माई. त्याची बुद्धी तुमच्यापुढं आहे."

"मग बसू द्या म्होरं वाघ-शेळीला. मी हारले तर बागंत खंदा. जिकले तर हीर वस्तीवर."

गर्दीनं आरोळी ठोकली. महाराजांना नाही म्हणता येईना.

पाटावर खडूनं डाव आखला. यंत्राचे तीन वाघ, दगडाबाईच्या पंधरा शेळ्या. वाघानं उडी मारून शेळी खायची, शेळ्यांनी वाघ कोंडायचे. दिवा लागायचा, हात हलायचा, शेळी जायची. पाच शेळ्या गेल्या. दगडाबाईनं एकदा वस्तीकडं बघितलं आणि कमरेची चंची काढली.

आमच्याकडे रीत आहे. डावावर बसलेल्यानं तंबाखू मळली की पहिली चिमूट समोरच्याला, मग तो कोर्टात भांडणारा भाऊबंद का असेना. आणि दिलेली चिमूट परतवायची नाही. दगडाबाईनं चुना लावून मळली, थापटली आणि सवयीनं तळहात पेटीपुढं धरला.

हातानं उचललेला वाघ खाली ठेवला, चिमूट घेतली आणि हात भोकात गेला.

गर्दी पुढं सरकली.

"नैवेद्य!" महाराज ओरडले. "यंत्रानं नैवेद्य स्वीकारला!"

झालं. सगळं गाव चिमूट घेऊन रांगेत. बनुबाईनं घरची मिसरी आणली. अर्ध्या तासात यंत्रानं सत्तावीस चिमटी खाल्ल्या. दगडाबाई काही खेळेना.

"इचार करतीया," ती म्हणाली, आणि गुडघ्यांना मिठी मारून पेटीकडं बघत बसली.

पत्र्याची बाही थरथरू लागली. दिवा उगाचच लागू-विझू लागला. मग जाळीतून तपकिरी पिचकारी आली ती थेट महाराजांच्या पांढऱ्या कफनीवर.

"ऑईल!" महाराज म्हणाले. "तापलं की सोडतं."

शाळेतल्या रंगनाथ गुरुजींनी कफनीला नाक लावलं. "ऑईलला चुन्याचा वास? झाकण उघडा, महाराज."

"उघडलं तर करंट लागून गाव मरेल!"

"करंट येतो कुठून?" गुरुजींनी विचारलं. गावात अजून वीज आली नव्हती. हे तोवर आमच्या लक्षातच आलं नव्हतं.

दगडाबाईनं कडी काढली. आत शेवगावचा गोरक्ष, वाघ-शेळीवाला. गुडघे छातीला, गाल फुगलेले. पायाशी बॅटरीचे सेल, दिव्याचं बटण आणि खरकटं ताट. जाळीतून त्याला सगळा पाट लख्ख दिसत होता.

"तरीच!" दगडाबाई म्हणाली. "वाघ कोपऱ्यात न्यायची खोड वळखीची वाटली. मागल्या जत्रंत आसाच हारलास की रं, मुडद्या."

गोरक्ष आधी मनसोक्त थुंकला. "मावशे, तीन दिस पेटीत हाय. आप्पासाहेब जेवाय लई चांगलं घालत्यात, पन थुकाय सोडत न्हाईत."

आप्पासाहेबांना अचानक बागेत काम निघालं.

"बस खाली," दगडाबाई गोरक्षला म्हणाली. "डाव आर्धा हाय." उरलेल्या दहा शेळ्यांनी तिन्ही वाघ कोंडले. वस्तीवरच्या बाया नाचायला लागल्या, तेवढ्यात गुरुजी उभे राहिले.

"डावावर विहीर ठरवणं हेही खुळंच. पाणी सगळ्यात लांबून कोण आणतं, तेवढं सांगा."

सगळी बोटं ओढ्यापलीकडं गेली. ओव्हरसियरनं येऊन जमीन तपासली, पस्तीस फुटांवर वस्तीला पाणी लागलं. पेटीत आता दगडाबाईच्या कोंबड्या असतात. तरी गावातले दोघं-चौघं अजून जाळीपुढं चिमूट ठेवून जातात. कोंबड्या खात नाहीत.

माझं सांगणं एवढंच. उद्या याहून हुशार पेटी तुमच्या गावात येईल. येऊ द्या. तिच्याशी खेळा, हरलात तरी लाज नाही. पण विहीर कुठं खणायची हे ती सांगू लागली, तर आधी तिला "का" विचारा. उत्तर येईना, तर झाकण उघडा.