तीन आम्ही उभे दारी

माझी बायको गुरुवारी गेली. शुक्रवारी तिला पुरलं. पण ती गेली हे आमच्या चर्चला कळलं ते रविवारी, नऊच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत.

पुरताना गाणी सिस्टर लोकांनी म्हटली होती, त्यामुळे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. रविवारी अर्पणाची वेळ झाली. ऑर्गनवर मास्तरीणबाई होत्या. त्यांनी सुरुवातीचे सूर वाजवले आणि थांबल्या. सगळेच थांबले. शंभर माणसं तोंड अर्धवट उघडून उभी, आणि आवाज एकाचाही नाही. बाईंनी सूर परत वाजवले. परत तेच. मग एकेक जण मान वळवून दुसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाकडे बघायला लागला. तिथे मी उभा होतो आणि माझ्या शेजारी तिची जागा होती.

गाणं सुरू करायचं काम तिचं होतं. कुणी नेमलं नव्हतं, तिनेच घेतलं होतं. पहिली ओळ ती एकटी म्हणायची, मग बाकीचे तीच ओळ परत म्हणायचे. तिचा आवाज काही मोठा गोड नव्हता. पण तिला लाज नव्हती, आणि गाणं सुरू करायला तेवढंच लागतं. लोक तिला 'सुरुवात' म्हणायचे. दुकानात गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "काय कात्री, सुरुवात बरी आहे ना?" कात्री म्हणजे मी. माझं केस कापायचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं.

त्या रविवारी शेवटी बेकरीवाल्याने हिंमत केली. त्याचा आवाज तळघरातून आल्यासारखा. त्याने एवढ्या खालून सुरू केलं की दुसऱ्या ओळीला त्याच्याशिवाय कुणाला तिथवर उतरताच येईना. अख्खं गाणं तो एकटा गायला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वहिनींनी फार हाल केले रे माझे." पुढचे रविवारही त्यानेच कसेबसे निभावले.

आता त्या गाण्याचं सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्याच्यापायी झाला.

गाण्याची पहिली ओळ पुस्तकात आहे, 'दीन आम्ही उभे दारी'. आमच्याकडे मात्र तीस वर्षं सगळे म्हणतात, 'तीन आम्ही उभे दारी'. तिच्या पुस्तकात त्या पहिल्या अक्षरावर शाईचा डाग होता आणि तेव्हा तिला चष्मा नव्हता. तिला 'तीन' दिसलं, तिने 'तीन' म्हटलं. तिच्या मागून म्हणणाऱ्यांनीही 'तीन' म्हटलं. चूक कळेपर्यंत चर्चमधल्या पोरांची लग्नं झाली, त्यांच्या पोरांनाही 'तीन' पाठ झालं.

"कोण हे तीन?" असं तिला पुष्कळांनी विचारलं. ती प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायची. आधीच्या म्हाताऱ्या फादरांना म्हणाली, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. ते खूश झाले. ते तिघं स्वतःच्याच दारी कशाला उभे राहतील, हे त्यांनी विचारलं नाही. बेकरीवाल्याला म्हणाली, "तू, तुझी बायको आणि तुझं पोट." मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुम्ही, मी आणि तुमचं तोंड. ते वेगळंच मोजावं लागतं." आम्ही घरात दोघंच होतो, कायम.

ती जायच्या तीन महिने आधी नवे फादर आले. तरुण, बारीक, नेटके. दोन रविवार त्यांनी ऐकून घेतलं आणि तिसऱ्या रविवारी तिला गाठलं. ते शब्दाचा अर्थ सांगायला लागले, दीन म्हणजे गरीब, निराधार. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "फादर, तुम्ही आत्ता आलात. देव आमचा आकडा तीस वर्षं ऐकतोय. एकदम आकडा गाळलात तर त्याला वाटेल, कुठे गेली ही माणसं." फादर मान डोलावून निघून गेले. तिच्यापुढे मीही तेच करायचो.

ती गेल्यावर घरात तिच्या वस्तू होत्याच. चष्मा होता, चपला होत्या. पण चर्चमध्ये तिचं म्हणावं असं एकच होतं, ते चुकीचं अक्षर. ते राहावं एवढीच माझी इच्छा होती. निदान ती गेल्याला महिना होईल त्या रविवारी, तिच्या नावाच्या मिस्सेला तरी.

त्या मिस्सेच्या आधीच्या गुरुवारी फादर केस कापायला आले. कापून झाले, मग मी दाढीचा साबण लावला. वस्तरा गळ्यावर आला तेव्हा ते म्हणाले, "काका, एक सांगू का? वाईट वाटून घेऊ नका."

"सांगा. पण हनुवटी हलवू नका."

"गाण्यांचे नवे कागद छापून घेतलेत. साठ प्रती. दोघांत एक पुरेल."

"बरं."

"त्यात ती ओळ बरोबर आहे."

मी वस्तरा उचलला आणि टॉवेलला पुसला. जरा सावकाश पुसला.

"रविवारीच का, फादर?"

"कधीतरी करायचंच ना, काका? परवा पाहुणे आले होते, ते मला बाजूला घेऊन विचारत होते, तुमच्याकडे तिघांचा काही वेगळा पंथ आहे का. काय सांगायचं मी?"

"सांगायचं, आहे म्हणून."

ते हसले आणि हनुवटी हलली. थोडं कापलं. मी तुरटी लावली. मुद्दाम केलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण तुरटी जरा जास्त चोळली, तेही सांगतो.

शनिवारी दुपारी चर्चची झाडलोट असते. फुलांची पाळी तिची असायची, ती आता माझ्यावर आली. मेव्हणी मदतीला होती. मी फुलदाणीत फुलं लावली आणि मागे होऊन बघितलं. सगळी एका उंचीची दिसावीत म्हणून कात्रीने वरून सारखी केली.

मेव्हणी म्हणाली, "भावोजी, फुलांचीही हजामत केलीत?"

"नीटनेटकी दिसताहेत."

"दांड्या नीटनेटक्या दिसताहेत. फुलं खाली पडलीत."

ती बागेतून दुसरी फुलं आणायला गेली आणि मी वेदीमागच्या खोलीत एकटा उरलो. टेबलावर नव्या कागदांचा गठ्ठा होता. सगळ्यात वर पहिलंच गाणं आपलं, आणि पहिलंच अक्षर 'द'.

माझ्या खिशात ब्लेड असतंच. छापलेली शाई कागदावर वरवर बसलेली असते, कोपऱ्याने हलकं खरवडलं की निघते. हे मला दुकानाच्या दरपत्रकावरचे आकडे बदलून बदलून माहीत होतं. वेलांटी तशीच ठेवायची. फक्त 'द' काढायचा आणि काळ्या पेनाने तिथे 'त' बसवायचा. पहिल्या कागदाला भोक पडलं. दुसरा बरा झाला. पाचव्यापासून हात बसला. एकेक कागद ओढायचा, तोंडाने 'दीन' म्हणायचं, खरवडायचं, फुंकर मारायची, लिहायचं. चाळीस वर्षं लोकांचे कल्ले सारखे केलेत, अक्षर काय मोठी गोष्ट.

अडतीस झाले आणि मेव्हणी दारात आली. हातात फुलं. तिने टेबलावरचा भुगा बघितला, कागद बघितला, माझ्याकडे बघितलं.

"ताई असती तर तुमचा कान धरला असता."

"ताई असती तर हे करावं लागलं नसतं."

तिने फुलं ठेवली आणि टेबलावरचा भुगा पदराने पुसून घेतला. मग म्हणाली, "फादर पापनिवेदन ऐकायला येतायत. उठा आता."

बावीस कागद राहिले. ते मी गठ्ठ्याच्या तळाशी घातले. पण एक काळजी होती. फादर रात्री कागद चाळणार, त्यांना कळणार, आणि छापखाना चर्चच्या समोरच आहे. काय करावं याचा विचार करत मी बाहेर आलो तर पापनिवेदनाच्या खोक्यापाशी रांग नव्हती. आणि मला सुचलं. खोक्यात ऐकलेलं फादरांना कुणाला सांगता येत नाही, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते ऐकून त्यांना काही करताही येत नाही, हे मला माहीत होतं. म्हातारे फादर माझ्याच खुर्चीत बसून हे एकदा कुरकुरत सांगून गेले होते.

मी आत जाऊन गुडघे टेकले. जाळीपलीकडून आवाज आला, "शेवटचं पापनिवेदन कधी केलंत?"

"बायको होती तेव्हा. तीच ढकलायची."

"बोला."

"कागद खरवडले."

"कसले कागद?"

"तुमचे."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. मग म्हणाले, "किती?"

"अडतीस. मग हात दुखला."

"हे तुम्ही मला इथे का सांगताय?"

"पाप आहे म्हणून."

"आणि बाहेर सांगितलं असतं तर?"

"बाहेर सांगितलं असतं तर तुम्ही समोरून नवे छापून आणले असते."

जाळीपलीकडे खोकला आला. बराच वेळ खोकले. मग आवाज नीट करून म्हणाले, "पश्चात्ताप होतोय का?"

"उद्या दहानंतर होईल."

"काका, असा पश्चात्ताप चालत नाही. मला क्षमा देता येणार नाही."

"मग दहानंतर येतो."

"या," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "घरी जाऊन जेवा."

रविवारी चर्च भरलं. कागद दोघांत एक वाटले गेले. मला आणि मेव्हणीला आला तो खरवडलेला, मी अंगठा फिरवून बघितला. फादर वेदीवर आले, त्यांनी तिचं नाव घेऊन मिस्सा सुरू केली. कागदांबद्दल एक शब्द नाही. वाचनं झाली, प्रवचन झालं. अर्पणाची वेळ आली. बाईंनी सूर वाजवले आणि थांबल्या.

सगळे थांबले.

मी बेकरीवाल्याकडे बघितलं. त्याने मान हलवून 'आज नको' म्हटलं. मेव्हणीकडे बघितलं, तिचे डोळे भरले होते, तिच्याकडून काही होणार नव्हतं. बाईंनी परत सूर वाजवले. मग मला दिसलं की सगळे पुन्हा त्याच जागेकडे बघताहेत, दुसऱ्या बाकाच्या डाव्या टोकाकडे. म्हणजे माझ्याकडे. कुणीतरी सुरुवात करायला हवी होती.

मी कधी एकटा गायलो नाही. घसा साफ केला, वर बघितलं आणि पहिली ओळ म्हटली. मोठ्याने म्हटली, अगदी मागच्या बाकापर्यंत.

"दीन आम्ही उभे दारी."

ते कसं आलं, मला माहीत नाही. आदल्या दुपारी अडतीस वेळा म्हटलं होतं, तेच जिभेवर बसलं असणार. हातातल्या कागदावर माझ्या हाताने लिहिलेला 'त' होता आणि मी 'द' म्हटलं. दोनच सेकंद असतील, पण मला वाटलं की संपलं. आता सगळे माझ्या मागून तेच म्हणणार, आणि तिचं अक्षर मीच पुसलं.

मग शंभर माणसांनी ओळ परत म्हटली.

"तीन आम्ही उभे दारी."

कागदाकडे कुणी बघतच नव्हतं. पुढच्या बाकावरच्या दोघींकडे बरोबर छापलेला कागद होता, मला इथून 'द' दिसत होता. त्याने एक वारा घेत होती आणि दुसरी डोळे मिटून 'तीन' म्हणत होती. बेकरीवाला तळघरातून 'तीन' म्हणत होता. बाई ऑर्गनवर मान डोलावत 'तीन' म्हणत होत्या. माझ्या दुपारभराच्या मेहनतीची कुणाला गरज नव्हती. साठच्या साठ कागदांवर काहीही छापलं असतं तरी हेच झालं असतं. फादर वेदीवरच्या अर्पणाच्या थाळीवर इतके खाली वाकले होते की तोंड दिसत नव्हतं, पण खांदे हलत होते.

मेव्हणीने कोपराने ढोसलं. रडता रडता म्हणाली, "भावोजी, एवढं साधं गाणं येईना तुम्हाला?"

दहा वाजता मी खोक्यात गेलो.

"झाला का पश्चात्ताप?" जाळीपलीकडून आवाज आला.

"कागद खराब केले त्याचा झाला. खरंच झाला. उगाच केले."

"आणि त्या अक्षराचा?"

"त्याचा तर सगळ्यांनाच करावा लागेल, फादर. एकट्या माझ्याकडून घेऊन काय उपयोग?"

पुन्हा खोकला. मग त्यांनी मला क्षमा दिली आणि प्रायश्चित्त सांगितलं. अडतीस कागद घरी न्यायचे आणि प्रत्येकावर नीट अक्षरात पुन्हा 'द' लिहून आणायचा. घाई नाही, म्हणाले.

गेल्या गुरुवारी ते केस कापायला आले होते. कागदांचं विचारलं नाही. विचारता येत नाही त्यांना. मी फक्त कल्ले जरा मनापासून केले. रविवारी गाणं आता मीच सुरू करतो. मी काही म्हटलं तरी लोक 'तीन'च म्हणतात.

कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहेत, तिच्या चष्म्याखाली, उडू नयेत म्हणून. पेन शेजारी ठेवलंय. अडतीसपैकी एकावरही अजून 'द' लिहिलेला नाही.