दोन बोटं माया

मित्रांनो, ‘मी एक जुना कोट आहे’ एवढं म्हणून मोकळं होता आलं असतं; पण माझ्या बाह्या कॉलरपेक्षा साठ वर्षांनी लहान आहेत, अस्तर तिसरं आहे आणि बटणांचं एकमेकांशी काही नातं नाही. तेव्हा मी एक बराचसा जुना कोट आहे, असं म्हणतो. माझा एक खिसा खोटा आहे, तेवढा खोटेपणा पुरे.

माझा जन्म विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, एका शाळामास्तरांच्या मापाने झाला. जाड काळी लोकर, गळ्यापर्यंत बटणं, लांबी गुडघ्यापर्यंत. त्या काळी कपडा ही अंगाची सोय नव्हती, समाजाला दिलेली सूचना होती. कोट जितका लांब आणि गैरसोयीचा, तितका माणूस अंगमेहनतीपासून दूर. आणि हे रस्त्यावरच्या कोणालाही लांबूनच वाचता येत असे. माझ्या काखा इतक्या घट्ट होत्या की मास्तरांचा हात खांद्याच्या वर जातच नसे. ते फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर लिहीत. नकाशा काढला की वरचे डोंगर त्यात मावत नसत. त्यांचे विद्यार्थी उत्तरेकडच्या डोंगरांविषयी जन्मभर साशंक राहिले.

शिंप्याने मात्र एक शहाणपण केलं. शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा दुमडून ठेवलं. शिंपी लोक त्याला माया म्हणतात.

“माया ठेवलीय, मास्तर. अंग भरलं तर उसवून काढता येईल.”

मास्तरांचं अंग शेवटपर्यंत भरलं नाही. शिक्षकाच्या नोकरीत ती काळजी आपोआप घेतली जाते.

मास्तर निवृत्त झाले आणि दुसरं मोठं युद्ध आलं. कापड रेशनवर गेलं. थोरला मुलगा सैन्यात गेला आणि धाकट्या मुलीला टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी मिळाली. पुरुष लढायला गेल्यामुळे बायकांनाही बोटं असतात, हा शोध तिथे नुकताच लागला होता. अडचण एवढीच की कोटाशिवाय आत घेत नसत आणि नवा कोट कुठे मिळत नव्हता. घरात कोट एकच होता.

“अप्पा, तुमचा कोट मला कापून द्या.”

“अगं, मग मी बाहेर जाताना काय घालू?”

“बाहेर जाता कुठे तुम्ही?” आईने आतूनच विचारलं. “फाटकापर्यंत जाता नि गार लागतंय म्हणून परत येता.”

अशा रीतीने माझी लांबी कमी झाली. शिंपी आता म्हातारा झाला होता आणि त्याच्या कल्पना त्याच्याहून म्हाताऱ्या होत्या. “बाईमाणसाच्या कोटाला खिसे कशाला? वरून पट्टी लावतो. बघणाऱ्याला खिसाच वाटेल.”

“आणि घराची किल्लीही बघणाऱ्याला वाटेल अशीच ठेवू का, काका?”

शेवटी तडजोड झाली: एक खिसा खरा, एक खोटा. स्त्रियांना समान हक्क तेव्हा साधारण याच प्रमाणात मिळत.

मग धाकटीने आरशासमोर हात वर केला. तो खांद्यापाशी अडकला. तिचा चेहरा उतरला. “वायर बोर्डाच्या सगळ्यात वरच्या ओळीत खुपसावी लागते. हात पोचला नाही तर घरी पाठवतील.”

शिंप्याने काखा उसवल्या आणि आतली एक बोट माया काढली. हात सरळ छताकडे गेला. दुकानाच्या बाकावर बसलेले मास्तर त्या हाताकडे पाहत होते.

“माझ्या वेळी का नाही केलंत हे?”

“तुम्ही कधी हात वर केलाच नाहीत, मास्तर.”

युद्ध संपलं, पुरुष परत आले आणि त्यांना आपल्या खुर्च्या गरम लागल्या. वर्तमानपत्रांत लगेच बारीक कमरेच्या, हातात फुलं धरलेल्या बायकांची चित्रं यायला लागली. ‘घरी जा’ हे सांगण्याची ती सभ्य पद्धत होती. थोरल्याची नवी बायको नणंदेला म्हणाली, “वन्सं, हे पोतं घालून फिरलात तर कोण पसंत करणार तुम्हाला?” धाकटीलाही मोह झाला. तो कोणाला होत नाही? माझी कंबर आवळली, तिच्यापायी काखाही आवळल्या. शिंप्याने कापड कापलं मात्र नाही; सगळी माया पुन्हा आत दुमडली.

पहिल्याच दिवशी धाकटीने वरच्या ओळीकडे हात नेला आणि मी टर्रकन बोललो. मी कामाच्या जागी बोललो तो एवढाच. साहेबांचा पुतण्या युद्धावरून परत आला होता आणि साहेब त्याच्यासाठी जागा शोधत होते. ते लगबगीने आले. “काय बाई, नोकरी घट्ट व्हायला लागली वाटतं?”

“नोकरी नाही, साहेब. कोट.”

घरी येताच तिने मला उसवलं. कंबर गेली, नोकरी राहिली. लग्न झालं नाही, त्याचा दोष घरात माझ्यावर ठेवला जातो. धाकटी निवृत्त होईपर्यंत वरच्या ओळीपर्यंत पोचत राहिली आणि ‘आत्या’ झाली.

पुढे जगभरच्या पोरांनी एकाच सुमारास केस वाढवले, तेव्हा आत्याच्या भाच्याने मला नेलं. त्याला व्यवस्था मोडून काढायची होती. सुरुवात माझ्या बाह्यांपासून झाली. पाठीवर त्याने खडूने एक सूर्यफूल काढलं, ते पहिल्याच झटकणीत गेलं.

“आत्या, सगळी बंधनं तोडली!”

“तोड बाबा. गारठलास की माझ्याकडे येऊ नकोस.”

तो गारठला. मला नव्या बाह्या आल्या, त्या जोडताना काखा पुन्हा आवळल्या गेल्या, आणि तो विमा कंपनीत लागला. त्याची बायको बँकेत अधिकारी झाली, तेव्हा माझ्या खांद्यांत फोमच्या गाद्या भरल्या. बाई साहेबाच्या खुर्चीवर बसायला लागली होती, पण खांदे अजून साहेबाचेच लागत.

नंतर तयार कपड्यांचा काळ आला. माणसाच्या मापाने कपडा शिवण्याऐवजी कपड्याच्या मापात माणूस बसवायला लागले: लहान, मध्यम, मोठा. ट्रंकेत असे पुष्कळ माझ्या शेजारी येऊन गेले. पोरं वाईट नव्हती. आत माया मात्र दोऱ्याएवढी.

शतक संपता संपता भाच्याच्या मुलीने मला बाहेर काढलं. तिला शिक्षिकेच्या जागेसाठी दुसऱ्या दिवशी पाच माणसांसमोर धडा घेऊन दाखवायचा होता. आधीच्या दोन शाळांनी तिला परत पाठवलं होतं, कारण ती म्हणे ‘शिक्षिका वाटत नाही’. “जुना नाही, आई, हल्ली हेच चालतं,” असं म्हणून ती मला शिंप्याच्या नातवाकडे घेऊन गेली. तो आता कपडे शिवत नव्हता, झिपा बदलत होता. त्याने गाद्या उपटल्या, आतून हात फिरवला आणि आजोबांची शिवण ओळखून जरा सरळ बसला.

“काखेत घट्ट होईल, ताई. आत माया आहे. काढू का?”

जन्मात मापाने शिवलेले कपडे न घातलेली ती मुलगी गहिवरली. “नको, काका. आत्याआजीची माया आहे ती. राहू दे तशीच.”

हल्ली मुलींना घट्टच आवडतं, असं समजून त्याने मला नुसती इस्त्री केली.

घरी आत्याआजी खुर्चीत होती. तिने नातीला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकच गोष्ट सांगितली. “हात वर कर.”

हात खांद्यापाशी अडकला.

“उद्या लिहिणार कुठे? फरशीवर? शिंप्याने माया नाही काढली?”

“मीच नको म्हटलं. म्हटलं, तुझी माया...”

आत्याआजी इतकी हसली की तिला कवळी सांभाळावी लागली. “अगं खुळे, आत दुमडून ठेवतात ती काढण्यासाठीच! नुसती ठेवली की काचते. ब्लेड आण.”

मुलगी तिच्यापुढे गुडघ्यांवर वाकली, कारण आत्याआजीचाच हात आता वर जात नव्हता. “हलू नकोस, नाहीतर कातडं उसवेल,” असं बजावत तिने टाका टाका कापला. मग स्वतःच नवी टीप घातली. ती वाकडी आहे. माझ्या अंगावर तेवढीच एक वाकडी आहे.

दुसऱ्या दिवशी मुलीने फळ्यावर नकाशा काढला. डोंगर सगळ्यात वर काढले, असतात तिथे. नोकरी मिळाली, तिच्यात माझा वाटा किती, यावर घरात मतभेद आहेत.

तेव्हा मित्रांनो, इथे मी ‘जुने कपडे जपा’ म्हणेन अशी तुमची अपेक्षा असेल. नुसते जपू नका. जपून ठेवलेल्यांची दशा मी ट्रंकेत पाहिली आहे. डांबरगोळ्या त्यांच्यापेक्षा जास्त काम करतात. घाला, आणि काचलं तर वेळेवर उसवा. मी सध्या दाराआडच्या खुंटीवर असतो. डाव्या काखेत अजून एक बोट शिल्लक आहे. कोणाला लागली तर काढून घ्या.