बदल टिपणारा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे आणि प्राण्यांच्या दवाखान्यातल्या संगणकात राहतो. मला ना हात ना पाय, तरी स्वस्थ बसणे माझ्या नशिबात नाही. एखाद्या प्राण्याची नोंद उघडली की तिची आधीची प्रत मी जवळ ठेवतो. एक अक्षर जरी बदलले तरी मला कळते. बदलले तेवढे जतन करायचे आणि जतन होताच प्राण्याच्या मालकाला निरोप धाडायचा, हे माझे काम.

मला घडवले डॉक्टरताईंच्या थोरल्या भावाने. सुरुवातीला माझे काय कौतुक झाले! पण एकदा दादाने नवी सूचना घातली : निरोप गेला की त्याची वेळ नोंदीत लिही. वेळ लिहिली म्हणून नोंद बदलली, बदलली म्हणून मी जतन केली, जतन केली म्हणून पुन्हा निरोप गेला. घाण्याच्या बैलासारखा मी गरगर फिरत राहिलो. थांबावे कुठे, हे मला कोणी शिकवलेच नव्हते.

दवाखान्यात ठेवलेल्या ढब्बू नावाच्या आजारी कुत्र्याचे मालक, एक आजोबा, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून धापा टाकत आले.

"ताई, निरोपावर निरोप येतायत! गेला का हो माझा ढब्बू?"

"अहो आजोबा, तो बघा, शेपूट हलवतोय!"

दादा ओशाळला. रागाच्या भरात त्याने माझे निरोपच बंद केले. मी बदल टिपत होतो, जतनही करत होतो, पण तोंडाला कुलूप. आतल्या आत नुसती तगमग.

त्यातच एका सकाळी ढब्बूची प्रकृती खरोखर ढासळली. ताईंनी नोंदीत 'लगेच या' असे लिहिले आणि त्या उपचारांना धावल्या. निरोप बंद आहेत हे दादा त्यांना सांगायलाच विसरला होता. आजोबा दुपारी सहज म्हणून आले. ढब्बूने त्यांचा हात एकदा चाटला आणि मान टाकली.

"मी इथे पलीकडच्या गल्लीतच होतो हो," आजोबा एवढेच म्हणाले.

ते गेल्यावर ताई भावाला हळूच म्हणाल्या, "दादा, फार बडबडतो म्हणून कोणाची जीभ कापतात का रे? कधी बोलायचं ते शिकव ना त्याला."

दादा खाली मान घालून कामाला बसला. आता प्रकृती किंवा उपचार बदलले तरच मी निरोप धाडतो. वेळ लिहिली, तर गप्प राहतो.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना घडवाल तेव्हा थांबायलाही शिकवा. आणि बंद करण्याआधी पाहा, आमच्या भरवशावर कोण बसले आहे. निरोप निघतो, पण तो कोणी वाचला का, हे मला कधीच कळत नाही. तेवढे तुम्ही वाचत जा.