बाईंचे नारिंगी केस

चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईंनी घरच्या घरी केस रंगवले आणि ते नारिंगी झाले. रस्ता खोदला की कडेला जे शंकू ठेवतात, तसे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन होतं आणि प्रमुख पाहुण्या त्याच होत्या.

हे निस्तरू शकेल असं एकच माणूस त्यांना ठाऊक होतं आणि ते त्यांच्याच पोटी जन्मलं होतं. लेकीने पीएचडी अर्ध्यावर सोडून पार्लर काढलं, त्याला सहा वर्षं झाली होती. बाई एकदाही तिथला जिना चढल्या नव्हत्या. कोणी विचारलंच, तर "मुलगी पृष्ठभागांवर काम करते" असं सांगत. त्यात खोटं काही नव्हतं.

आज चढल्या. लेकीने डोक्याचा स्कार्फ सोडला, नीट पाहिलं आणि हसली नाही. त्यासाठी तिला गाल आतून दाताखाली धरावा लागला.

"पेरॉक्साइड किती घेतलंस, आई?"

"दुप्पट. तीव्रता वाढली की अभिक्रियेचा वेग वाढतो. हे तुला मीच शिकवलंय."

"वाढला ना. पण कुठल्या अभिक्रियेचा?"

असले प्रश्न आजवर बाई विचारत आणि समोरचे छताकडे बघत. बाईंनी छताकडे पाहिलं. तिथे पंखा होता.

"पेरॉक्साइड दोन कामं करतं," लेक म्हणाली. "केसातला मूळचा काळा रंग मोडतं. तो अर्धवट मोडला की खाली नारिंगी दिसतं. शिवाय नव्या रंगाचे इवलेसे रेणू केसात शिरतात, त्यांना आतल्या आत एकमेकांशी जोडतं. जोडून मोठे झाले की ते बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून धुतलं तरी रंग टिकतो. तू मोडायचं काम दणक्यात केलंस आणि जोडायला रंगच पुरला नाही."

"जाताना लहान, आत गेल्यावर मोठे," बाई सावकाश म्हणाल्या. "हे मला माहीत नव्हतं."

लेकीच्या हातातला ब्रश थांबला. "परत म्हण."

"एकदाच सांगते मी. लाव आता."

"आधी एका बटेवर लावून बघायचं. अर्धा तास थांबायचं."

"अगं, मी विभागप्रमुख होते."

"केसांना कळवलं नव्हतंस वाटतं."

कानामागच्या बटेला रंग लावून दोघी बसल्या. एका खोलीत अर्धा तास, भांडण न काढता, हेही सहा वर्षांत प्रथमच. बाईंनी वेळ घालवायला बाटल्यांवरची लेबलं उत्तरपत्रिकेसारखी तपासली. एकीवर 'केमिकलविरहित' असं छापलं होतं.

"म्हणजे आत पाणीसुद्धा नाही?"

"गिऱ्हाइकं मागतात गं. मी रोज भांडते कंपनीच्या माणसाशी."

"भांडतेस?" बाईंचा चेहरा जरा उजळला. त्यांनी ती बाटली भिंतीकडे तोंड करून ठेवली.

बट गडद तपकिरी निघाली. मग उरलेलं डोकं झालं. बाईंनी आरशात डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे." त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांना ठाऊक आहे, याच्या वरचा शेरा त्यांच्याकडे नाही.

"उद्या येशील?"

"साडेअकरापर्यंत गिऱ्हाइकं आहेत. नाही म्हणता येणार नाही त्यांना."

बाईंनी तिथूनच प्राचार्यांना फोन लावला. "उद्घाटन बाराला ठेवा. नाही, तब्येत उत्तम आहे. मुलीला पार्लरमधून निघायला वेळ लागतो. हो, पार्लर. केसांचं. तिचं स्वतःचं आहे."

पत्रिकांवर दहा छापलंय, असं पलीकडून अदबीने सांगण्यात आलं.

"मग तोवर तुम्ही भाषण करा," बाई म्हणाल्या. "दोन तास तुम्हाला सहज जमेल."