पाच नंबरची गाणी

"मामा, ह्यात काय भरलंय तुमी?"

कल्याणनं पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि डोक्याचा टॉवेल सोडला. बाहेर त्याचा ट्रॅक्टर रिकाम्या ट्रॉल्यांसकट धडधडत उभा होता. "मी पाच नंबर मागितला हुता. ह्यात बाई रुसलीय आन् गडी तिच्या मागंमागं फिरतोय. माझी तर साखरपुडा करून पुन्याला गेली. आता मी कुनाच्या मागं फिरू?"

मोझेस भिंगारदिवेनं चष्मा पुसला, पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला आणि पडद्याकडे बघितलं. तीन नंबर. सगळी एकवीस गाणी तीन नंबरची.

"अहो, काय झालं?" मागून स्टेलानं विचारलं. दुकानाच्या अर्ध्या भागात तिचं पिको-फॉलचं मशिन होतं. नवऱ्याचा चेहरा पडला की तिचं मशिन आपोआप थांबायचं.

"भागवतला पाच नंबर गेला," मोझेस म्हणाला. "ह्याचा त्याला गेला."

स्टेला मशिन सोडून उठली. भागवतचं आज काय आहे, हे तिला ठाऊक होतं. आणि ती मशिन सोडून उठली म्हणजे प्रकरण गंभीर, हे मोझेसला ठाऊक होतं.

श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्याच्या रस्त्यावर मोझेसचं हे दुकान तीस वर्षांचं. आधी कॅसेटी भरून द्यायचा, मग सीड्या, मग मेमरी कार्डं. आता गाणी ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये आली आणि दुकानाला अवकळा आली. तरी उसाचा सीझन सुरू झाला की चार महिने त्याला उसंत नसायची. फडात मोबाईलला रेंज नसते, आणि ट्रॅक्टरचा टेप पेनड्राइव्हवर चालतो. ड्रायव्हर लोक एक वेळ जेवणाशिवाय राहतील, टेपाशिवाय नाही राहायचे.

पण हे गडी लाजरे. "मामा, प्रेमाची गाणी द्या," एवढं म्हणतानाही कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. म्हणून मोझेसनं नंबर पाडले होते. एक नंबर म्हणजे नुसती नजरानजर, अजून नावही माहीत नाही. दोन म्हणजे लग्न ठरलेल्यांची. तीन रुसव्याची आणि मनधरणीची. चार नंबर घर लांब राहिलेल्यांचा, हा सीझनभर सगळ्यांत जास्त खपायचा. पाच म्हणजे धोका. त्यातली बाई बेइमान, गडी बरबाद आणि देवसुद्धा तिच्याच बाजूचा. सहा नंबर म्हाताऱ्या जोडप्यांचा. त्यात चारच गाणी होती आणि ती कुणी मागायला यायचं नाही, मोझेस आपला एकटाच ऐकायचा. ड्रायव्हर यायचा, खाली मान घालून नंबर सांगायचा, की झालं. कुणाच्या घरात काय चाललंय, हे मोझेसला त्या पोराच्या आईच्या आधी कळायचं.

ह्या ड्रायव्हरांतला भागवत मात्र नंबर सांगायलाही आला नव्हता. दिवाळीनंतर तो एकदा नुसताच येऊन बाकड्यावर बसला. दोन चहा प्यायला आणि तिसऱ्या चहाला म्हणाला, "मामा, निकिता म्हायेराला गेली."

भागवत मुळातच घुमा. दिवसभरात दहा शब्द बोलला तर ती त्याची दिवाळी. असा माणूस आयुष्यात एकदाच जास्तीचं बोलला, तेही नको तिथं. घरात काहीतरी किरकोळ खटका उडाला आणि आईसमोर, भावजयीसमोर तो बायकोला म्हणाला, "तू गेलीस तरी माझं काय अडत न्हाई." निकितानं पिशवी भरली आणि गेली. आता बोललेलं परत घ्यायचं कसं, ते त्याला येईना. फोन ती उचलत नव्हती आणि सासऱ्याच्या दारात पाऊल टाकायची त्याची हिंमत नव्हती.

"तिच्या वस्तीवरनं जातोस ना तू, ऊस घेऊन?" मोझेसनं विचारलं होतं. "मग तोंड नको उघडू. टेप लाव."

आणि मग सव्वा महिना तेच चाललं. मोझेस गाणी काढून द्यायचा. आधी दहा दिवस चार नंबर, आठवणीची. मग तीन नंबरातली हलकी, चेष्टेची. मग जरा कळवळ्याची. वस्तीजवळ आलं की भागवत आवाज वाढवायचा, ट्रॅक्टर हळू करायचा आणि निघून जायचा. दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा, "कालच्याला खिडकी उघडली." मग चार दिवसांनी, "धुनं वाळत घालत हुती. थांबली." परवा तर त्याचे डोळे भरून आले होते. "मामा, बांधापतूर आली."

पण काल निरोप आला. सासरा, गहिनीनाथ, यानं चार माणसं बोलावली होती. आज दुपारी तीनला बैठक. काडीमोड करायचा की नांदवायचं, एकदाचं ठरवून टाकू. आज सकाळी भागवत आला तेव्हा चहाही घेईना. मोझेसनं त्याला बैठकीच्या वेळी वस्तीपुढं टेप लावायचं समजावून सांगितलं, पाणी दिलं, आता घाबरू नको म्हणाला, आणि ह्या सगळ्या बोलण्याच्या नादात काउंटरवरच्या दोन काळ्या पेनड्राइव्हपैकी भलताच त्याच्या हातात दिला. भागवतनं तो टोपीत खोवला होता. "हितं वाजवत न्हाई," म्हणाला. "तिथंच पयल्यांदा वाजवनार."

मोझेसनं फोन लावला. रिंग गेली. पुन्हा लावला.

"त्या धडधडीत त्याला काय ऐकू येणार," स्टेला म्हणाली. "किती वाजले?"

"पावणेदोन."

"मग उभे काय राहिलात? निघा ना."

त्यानं कॉम्प्युटरला लावलेला पेनड्राइव्ह काढून घेतला, स्कूटी काढली आणि निघाला. गुडघा दुखत होता, त्याचं भान त्याला उरलं नाही.

कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. पुलावर एका गाडीचं जू निसटलं होतं आणि पलीकडचे अलीकडे, अलीकडचे पलीकडे अडकले होते. मोझेस हॉर्न वाजवत राहिला. एरवी तो फार शांत माणूस, चर्चमध्ये लोक त्याचं उदाहरण द्यायचे. आज तो एका गाडीवानाला वाटेल ते बोलला आणि गाडीवान नुसता बघत राहिला. किती वाजले असतील? ऊस भरून झाला असेल का? पाच नंबरमध्ये सगळ्यांत कडू गाणं पहिलं ठेवायची त्याची रीत होती, गिऱ्हाईकाला लगेच समाधान वाटावं म्हणून. त्या गाण्यात गडी बाईला विचारतो की दुसऱ्याकडून काय घेतलंस आणि मला किती स्वस्तात विकलंस. ते गाणं चार माणसांच्या बैठकीत, बापासमोर, त्या पोरीला ऐकू जाणार होतं. देवबापा, त्याचा टेप बिघडू दे. टायर फुटू दे त्याचं, मी भरून देईन.

पूल सुटल्यावर तो कॅनॉलच्या रस्त्याला लागला. हा रस्ता म्हणजे नुसते खड्डे. डांबरी सोडल्यापासून उसाची दुसरी एकही गाडी दिसेना. स्कूटी दोनदा घसरली. आणि मग वळणाच्या अलीकडेच त्याला गाणं ऐकू आलं. मोठ्या आवाजात, स्वच्छ, अगदी तेच पहिलं गाणं. इतकी वर्षं गाणी विकली, पण गाण्याची इतकी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

वस्तीपुढं ट्रॅक्टर उभा होता. अंगणात सतरंजीवर पाच-सहा माणसं बसलेली, मध्ये गहिनीनाथ. त्याची मान खाली. छबूबाई, निकिताची आई, पदर तोंडाला लावून दारात. आणि बांधावर निकिता. ती रडत नव्हती. गोठ्यात मेलेलं वासरू बघावं तशी ट्रॅक्टरकडे बघत होती.

भागवत सीटवर बसून होता. स्टेअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. मोझेस धावत गेला, वर चढला आणि पेनड्राइव्ह उपटून काढला. सगळीकडे एकदम शांत झालं. इंजिनाचा आवाजच तेवढा राहिला.

"अरे येड्या, ऐकू येत नव्हतं का तुला? बंद नाही करायचं?"

भागवतनं त्याच्याकडे बघितलं. "मला वाटलं, तुमी काईतरी इचार करून दिलं आसंल."

मोझेसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या माणसानं आपली बायको हातची जाताना बघितली आणि तरी मामावर भरवसा ठेवून बसून राहिला.

अंगणातला एकजण उठला. "झालं ना ऐकून? जावईबापूंनी सांगितलं काय सांगायचं ते. कागद करा आता."

मोझेस खाली उतरला आणि अंगणात गेला. त्याला धाप लागली होती. सगळं एका वाक्यात मिटण्यासारखं होतं, चूक माझी, गाणी बदलली. पण ते वाक्य तोंडावर आलं आणि त्याला पुढचं दिसलं. हे गाणं मी दिलं म्हटलं, की आधीची कुणी दिली, हे आलंच. खिडकी उघडली ते गाणं, धुणं थांबलं ते गाणं. मग ह्या पोरीकडे नवऱ्याचं म्हणून काय राहणार? गप्प बसलं तर संसार मोडतो, बोललं तर त्याची मुळंच उपटतात. तो निकिताकडे वळला. जिला इतके दिवस गाणी पाठवली, तिला तो पहिल्यांदाच बघत होता. तिच्या गालावर पिठाचा हात लागलेला होता.

"पोरी, मी मोझेस. कारखान्याच्या रस्त्याला गाण्यांचं दुकान आहे माझं," तो म्हणाला. "हे गाणं त्याचं नाही. दुसऱ्या गिऱ्हाईकाचं होतं. घाईत मी चुकीचा पेनड्राइव्ह दिला. त्याला काही माहीत नव्हतं. तुला काय बोल लावायचा तो मला लाव."

निकिता बांधावरून दोन पावलं खाली आली. मग हळू आवाजात तिनं विचारलं, "म्हंजी रोजची बी तुमीच दिली?"

मोझेसला खोटं बोलता आलं असतं. जीभही उचलली होती. पण ती पोर सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होती.

"हो," तो म्हणाला. "मीच."

ती हसली. फार वाईट हसली. "मला वाटलं, ह्यांनी निवडली," ती म्हणाली. "मी तर एकेक गानं दोन-दोन दिवस डोक्यात घिऊन बसायची. आईला म्हनायची, बघ, ह्यांच्या मनात काय काय हुतं, आन् मला ठाव न्हवतं." आणि ती घराकडे वळली.

"निकिता."

भागवत खाली उतरला होता. ट्रॉलीच्या चाकाला टेकून उभा होता, हाताला उसाचा चिकटा, तोंड धुळीनं भरलेलं. आता सगळे त्याच्याकडे बघू लागले आणि तो आणखीच गोरामोरा झाला. मोझेसच्या मनात वाक्यं नुसती गर्दी करत होती, तीन नंबरची सगळी एकवीस गाणी. काहीतरी बोल रे बाबा. काहीही बोल.

"गानी मामांची," भागवत म्हणाला. थांबला. "मला न्हाई येत त्यातलं काई."

निकिता पाठमोरीच होती.

"पर फॅक्टरीचा रस्ता हिकडनं न्हाई," तो म्हणाला. "डांबरीनं सरळ हाय. हिकडनं नऊ किलोमीटर फेर पडतो. गाडी रोज उशिरा जाती, रांगंत नंबर मागं पडतो. मुकादम शिव्या देतो." तो पुन्हा थांबला. "तरी हिकडनंच येतो."

एवढंच. त्याच्याकडचं संपलं. तो चाकाकडे बघत राहिला. मोझेस ट्रॉल्यांकडे बघत होता. भरलेल्या दोन ट्रॉल्या, त्या खड्ड्यांतून, सव्वा महिना रोज. हे भागवतनं त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. आणि त्यानं विचारलंही नव्हतं. तो आपला गाणी निवडण्यात दंग.

अंगणातल्या त्या माणसानं पुन्हा कागदाचं काढलं. निकिता मागं वळली. तिनं भागवतकडे बघितलंच नाही. बापाकडे बघून म्हणाली, "आप्पा, पाव्हन्यास्नी च्या द्या आन् लावा वाटंला."

"आगं पर..."

"च्या द्या म्हनलं ना."

गहिनीनाथनं एकदा जावयाकडे पाहिलं, एकदा ट्रॉल्यांकडे, आणि बायकोला आधण ठेवायला सांगितलं. निकिता बांधावर परत आली, ट्रॅक्टरपासून चार हातांवर येऊन थांबली. डोळे पुसले, ते मात्र उलट्या हातानं, रागारागानं.

"उद्या यायचं?" तिनं विचारलं.

भागवतनं मान डोलावली.

"टेप लावू नगा," ती म्हणाली. "नुस्तं या."

तो वर चढला. ट्रॅक्टरनं हिसका दिला, ट्रॉल्या करकरल्या आणि हळूहळू निघाल्या. टेप गप्प होता. मागच्या ट्रॉलीतून एक ऊस सुटून रस्त्यावर पडला. निकितानं जाऊन तो उचलला आणि ट्रॅक्टर वळणाला दिसेनासा होईपर्यंत तशीच उभी राहिली. मोझेसला कुणी बस म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. दोन्ही खिशांत एकेक पेनड्राइव्ह घेऊन तो थोडा वेळ थांबला आणि मग त्यानं स्कूटी चालू न करताच, हातानं ढकलत, रस्त्यापर्यंत नेली.