वीस युनिट

सुई काढून तिनं कापूस दाबून धरला, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरची जाडजूड बाई म्हणाली, "सिस्टर, माझं साखरेचं इंजेक्शन आज नाही का?"

तिनं खिशातला कागद पुन्हा पाहिला. चार नंबरला वीस युनिट इन्शुलिन, असं कागदावर लिहिलं होतं. चार नंबरच्या खाटेवरच तिनं ते दिलं होतं.

"तुम्ही तर चार नंबरच्या ना? पाचवर कशा?"

"या आजींना इथं पंख्याचा वारा सोसेना. म्हटलं, या माझ्या खाटेवर. मघाशीच आयाबाईंनी धरून नेलं त्यांना तिकडं."

आजींना साखरेचा आजार नव्हताच. त्या पाय मोडून आल्या होत्या. "इन्शुलिन घ्यायचंय ना तुम्हाला?" असं तिनं विचारलं होतं आणि त्यांनी मान डोलावली होती. कानांनी अधू असल्यामुळे त्या सगळ्यालाच मान डोलावत. मनगटावरची पट्टी वाचायची, नाव पेशंटच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे तिनं परीक्षेत सुवाच्य अक्षरात लिहून पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. आज नोकरीचा नववा दिवस होता.

कुणी पाहिलं नव्हतं. आजींना नाश्ता जरा जास्त खायला घातला तर? सिरिंज डब्यात टाकली की कुणाला कळणार होतं? ती डब्याकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मागं वळून पाहिलं, तर आजी कापूस स्वतःच धरून बसल्या होत्या, सांगितल्यासारख्या.

ती इन्चार्ज सिस्टरांच्या टेबलाकडे पळाली.

"सिस्टर, मी चुकीच्या पेशंटला इन्शुलिन दिलं."

सिस्टर ओरडल्या नाहीत. "किती? कधी?"

"वीस. आत्ता, दोन मिनिटं झाली."

"डॉक्टरांना फोन लाव. तूच बोल. मी पेशंटकडे जाते."

"डोळे कुठं होते तुझे?" डॉक्टर फोनवर कडाडले. मग ग्लुकोजची बाटली लावायला सांगितली, दर पंधरा मिनिटांनी साखर बघायला सांगितली.

ती आजींचं बोट टोचत राहिली. एकशे अठरा. शहाण्णव. एकाहत्तर. बाटली चालू असूनही आकडा उतरतच होता. बावन्नवर आजींच्या कपाळाला दरदरून घाम फुटला आणि त्या तिच्याकडे बघत म्हणाल्या, "अक्का, तू कधी आलीस गं?"

"मी अक्का नाही, आजी. माझ्याकडे बघा. झोपू नका!"

सिस्टरांनी शिरेतून ग्लुकोज ढकललं. ती आजींचा हात घट्ट धरून बसली. पुढची पंधरा मिनिटं सरता सरेनात. एकशे चौतीस.

"हायसं वाटून घेऊ नकोस," सिस्टर म्हणाल्या. "दुपारपर्यंत परत उतरेल. हलायचं नाही इथून."

ती हलली नाही. साखर आणखी दोनदा घसरली, दोनदा सावरली. दुपारी आकडा एका जागी टिकला, तेव्हा सिस्टरांनी तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. तिनं लिहिलं, 'इन्शुलिन देताना चूक झाली.'

"'झाली' नको," सिस्टर म्हणाल्या. "'मी केली' असं लिही."

संध्याकाळी भेटायच्या वेळेला आजींचा मुलगा आला. सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या, पण सांगितलं तिनंच.

"म्हणजे आई गेली असती?" त्यानं विचारलं.

सिस्टर काही बोलणार, त्याआधीच ती म्हणाली, "हो. जाऊ शकल्या असत्या."

तो सिस्टरांकडे वळून म्हणाला, "हिला आईच्या खाटेजवळ फिरकू देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर आली. चार नंबरच्या गोळ्यांचा ट्रे सिस्टरांनी तिच्या हातातून काढून घेतला आणि चार आणि पाचच्या मधला पडदा ओढला.

पडद्याआडून आजींचा आवाज आला. ऐकू कमी येत असल्यामुळे त्या मोठ्यानंच बोलत.

"कालची पोरगी कुठंय हो? दिवसभर बसली बिचारी माझ्याजवळ."

"आज रजेवर आहे ती," सिस्टर तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या.

पडद्याच्या अलीकडे, दोन हातांवर, ती शेजारच्या बाईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होती. ती बाई काही बोलायला गेली. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि फुगा दाबायला सुरुवात केली.