भिंतीला झालेली गाठ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. समोर एक कॅमेरा आणि मोठा पडदा, पडद्यावर एका बाईची रंगीत आकृती आणि छातीपाशी लालभडक ठिपका. महाराजांनी वीतभर अंतरावरून तळवा धरला, शिष्येने गार पाण्यात भिजवलेलं वस्त्र त्या जागी फिरवलं, आणि काय आश्चर्य, ठिपका निळा झाला! लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

"सुई नाही, सुरी नाही!" महाराज गरजले. "आत्मतेजाने गाठ भस्म! बुद्धी चपलांपाशी ठेवा, श्रद्धा आत आणा!"

मागच्या रांगेत नणंदेची चुळबूळ थांबेना. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ती. चपलांपाशी ठेवण्याइतकी स्वस्त बुद्धी तिच्याकडे नव्हती. पण शेजारी वहिनी बसली होती, आणि वहिनीच्या स्तनात कर्करोगाची छोटी गाठ होती. उद्या सकाळी दवाखान्यात जायचं होतं. सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई थेट गाठीत घालायची, सुईचं टोक तापवायचं आणि गाठ जागीच जाळायची. "गाठ लहान आहे म्हणून हे जमेल, सगळ्यांना चालत नाही. आणि नंतरच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घरी दादाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, त्यातली नेमकी उष्णता तेवढी उचलली.

"उष्णताच द्यायची ना? मग इथे बिनसुईची मिळते की!" तो आताही शेजारून म्हणाला.

"माझा ठिपका निळा झाला तर मी उद्या जायची नाही, वन्सं," वहिनी म्हणाली. सुईच्या नावानेच तिला कापरं भरायचं.

शिष्येने दिलेली पुरचुंडी वहिनीने मघापासून छातीशी धरली होती. मंतरलेलं धान्य, दुखऱ्या जागी दाबून बसायचं. नणंदेने सहज हात लावला. पुरचुंडी चांगलीच गरम होती.

"अस्सं होय!" तिने ती ओढूनच घेतली आणि आपल्या पोटावर दाबून धरली. वहिनीचा पुकारा होताच पुरचुंडी खाली ठेवून ती पुढे धावली. "महाराज, आधी मला बघा!"

पडद्यावर तिच्या पोटात लाल ठिपका उमटला.

"अरेरे! पोटात केवढी गाठ, बाई! वेळेवर आलात!"

"गाठ कसली डोंबलाची? तुमच्याच पुरचुंडीचा शेक आहे हा." तिने तळहात खसाखसा चोळले, मागच्या भिंतीवर दाबले आणि काढून घेतले. पडद्यावर भिंतीला लाल पंजे दिसले. "बघा, भिंतीलाही झाली. करा भस्म!"

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले.

"हा कॅमेरा वरवरची ऊब दाखवतो, आतलं त्याला काही दिसत नाही. शेकलं की लाल, गार फडकं फिरवलं की निळं!"

"पण मघाच्या त्या बाई बऱ्या झाल्या ना?" दादा हट्टाला पेटला होता.

नणंद त्या बाईकडे वळली. "ताई, तुम्हीच चाचपून बघा."

बाईने पदराआड हात नेला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "आहे," ती म्हणाली. "तशीच आहे हो."

हसू जागच्या जागी थांबलं. नास्तिकांमुळे तेज आटल्याचं सांगत महाराज मागच्या दाराने पसार झाले. नणंदेला जिंकल्याचा आनंद कुठला व्हायला! त्या बाईचा हात धरून ती म्हणाली, "उद्या आमच्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी सुई आत गेली तेव्हा वहिनीने डोळे घट्ट मिटले होते. आटोपल्यावर तिने विचारलं, "गेली का हो गाठ?"

"जाळली आहे. पूर्ण गेली का, ते पुन्हा तपासल्याशिवाय मी सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढची तारीख देऊन बाहेर बसलेल्या त्या बाईला आत बोलवायला गेल्या.

वहिनी हिरमुसली. "महाराज कसे लगेच सांगत होते, नाही?"

"म्हणून तर, वहिनी," नणंद म्हणाली. "जो तपासून बघू म्हणतो, त्याच्या हाती जीव द्यावा. तपासू नका म्हणणाऱ्याच्या हाती चपलासुद्धा देऊ नयेत."